१४४१६, ई-संजीवनी आणि मनाची ॲप्स: सातारा-सांगलीच्या रुग्णाला खरंच काय उपयोगी पडतं

मानसिक आजारासाठी मोबाइलवर जे जे मिळतं त्याला आम्ही एकच कस लावतो: शेवटी ते रुग्णाला कुणाच्या हाती सोपवतं? म्हसवडच्या माणसाने रात्री अकरा वाजता ॲप उघडलं, वीस प्रश्नांची उत्तरं दिली, स्क्रीनवर आकडा आला आणि खाली ‘तज्ज्ञांना भेटा’ अशी ओळ आली, तर त्याच्या हाती काहीच पडलं नाही. त्याच वेळी मराठी बोलणारा समुपदेशक फोनवर आला, नीट ऐकून घेतलं आणि जवळचं रुग्णालय सुचवलं, तर काम झालं. या एका कसावर सरकारी हेल्पलाइन, ई-संजीवनी (सरकारची ऑनलाइन डॉक्टर-सल्ला सेवा), खाजगी ॲप्स आणि चॅटबॉट खूप वेगवेगळे उतरतात.

सुरुवात टेली मानस या सरकारी हेल्पलाइनपासून करू, कारण पहिलं पाऊल म्हणून आम्ही तेच सुचवतो. नंबर १४४१६. तो लागला नाही तर १८००-८९१-४४१६. दोन्ही टोल-फ्री आहेत आणि चोवीस तास चालतात. १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, केंद्र सरकारने ही सेवा सुरू केली. बेंगळुरूची निमहान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था तिच्या मध्यवर्ती स्थानी आहे. सेवा वीस भाषांत मिळते, त्यांत मराठी आहे. तिचं ॲप बरोबर दोन वर्षांनी, १० ऑक्टोबर २०२४ ला आलं. ॲपमध्ये ताण, चिंता यांची लक्षणं ओळखण्याची आणि स्वतःची काळजी घेण्याची माहिती आहे, आणि तिथूनही समुपदेशकाशी बोलता येतं. पण ॲप नसलं तरी काही अडत नाही. साधा बटणांचा फोन पुरतो, आणि आपल्याकडे हीच या सेवेची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे. जावळीच्या किंवा पाटणच्या डोंगराळ भागात इंटरनेट लंगडतं, व्हिडिओ तर मध्येच गोठतो. साधा कॉल मात्र बहुतेक वेळा लागतो.

फोन लागला की आधी रेकॉर्ड केलेला आवाज भाषा निवडायला सांगतो. इथेच पुष्कळ जण फोन ठेवून देतात, कारण हिंदी-इंग्रजी ऐकू आलं की आपला नंबर चुकला असं वाटतं. पर्याय शेवटपर्यंत ऐका आणि मराठीचा आकडा दाबा. पुढे दोन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर प्रशिक्षित समुपदेशक असतो. त्याला गरज वाटली तर तो दुसऱ्या पायरीवर, म्हणजे मनोविकारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे जोडून देतो किंवा जिल्ह्यातल्या प्रत्यक्ष सेवेकडे पाठवतो. लाइन गजबजलेली असली तर परत फोन येण्याची सोय आहे. त्यामुळे फोन केल्यावर अनोळखी नंबरचे कॉल तासभर तरी आपोआप ब्लॉक होऊ देऊ नका. स्पॅम अडवणारं ॲप लावलेलं असतं आणि मग ‘फोन आलाच नाही’ अशी तक्रार होते. यात बहुतेकदा हेच कारण निघतं.

फोन करण्याआधी एका कागदावर पाच गोष्टी लिहा: त्रास कधीपासून, झोप किती तास, जेवण कसं, आत्ता चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं आणि डोस (रक्तदाब, साखर, थायरॉइडच्याही), आणि दारू-तंबाखूचं प्रमाण. लपवण्यासारखं काही नाही. रोज क्वार्टर घेणाऱ्याने ती अचानक बंद केली तर दोन-तीन दिवसांत थरथर, भास, क्वचित फिट येऊ शकते. हे समुपदेशकाला माहीत असलं तर तो वेळेत रुग्णालयात जायला सांगेल. आपल्याकडची माणसं ‘मला उदास वाटतं’ असं सहसा म्हणत नाहीत. ‘छातीत धडधडतं’, ‘डोकं जड झालंय’, ‘जीव घाबरा होतो’, ‘कशातच मन लागत नाही’ असं म्हणतात. तसंच सांगा. मराठी समुपदेशक असण्याचा फायदा तोच आहे.

आता या सेवेची मर्यादा. १४४१६ वर मिळतं ते समुपदेशन आणि पुढचा रस्ता. दर आठवड्याला त्याच माणसाबरोबर पन्नास मिनिटांची पद्धतशीर मानसोपचार बैठक ही वेगळी गोष्ट आहे आणि हेल्पलाइन त्यासाठी उभी केलेली नाही. पुढच्या वेळी दुसराच आवाज असू शकतो, सगळं पुन्हा सांगावं लागतं. घटस्फोट, लहानपणचा अत्याचार, जुनी जखम अशा विषयांवर ज्यांना महिनोन्महिने काम करायचं आहे त्यांनी हेल्पलाइनकडून ती अपेक्षा ठेवू नये. पण पॅनिकच्या झटक्यात, परीक्षेच्या निकालाच्या रात्री, द्राक्षबाग अवकाळीने झोपल्यावर, घरातल्या माणसाचं वागणं अचानक बदलल्यावर काय करायचं हे विचारायला हा नंबर फार चांगला आहे. घरचे लोकही फोन करू शकतात. त्यासाठी रुग्णाने तयार व्हायची वाट पाहायची गरज नाही.

खानापूर-आटपाडीकडची गलाई (सोनं-चांदी गाळण्याच्या) व्यवसायातली हजारो माणसं तमिळनाडू, केरळ, आंध्रात दुकानाच्या मागच्या खोलीत राहतात. जावळी-पाटणची माथाडी कामगार मंडळी मुंबईत असतात. त्यांना तिथल्या ओपीडीत भाषेची अडचण येते आणि गावी यायला सणाची वाट पाहावी लागते. अशांसाठी मराठीत उत्तर देणारी हेल्पलाइन ही सोय नाही, गरज आहे. घरच्यांनी हा नंबर त्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून द्यावा.

दुसरं साधन ई-संजीवनी. हिचे दोन प्रकार आहेत आणि त्यांत गल्लत झाली की वेळ वाया जातो. पहिला प्रकार: घरी बसून स्वतःच्या मोबाइलवरून डॉक्टरशी बोलणं. तो एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाउनच्या काळात सुरू झाला. मोबाइल नंबर टाका, ओटीपी भरा, रुग्णाची नोंद करा, राज्य आणि ओपीडी निवडा, रांगेचा टोकन घ्या, डॉक्टर मोकळे झाले की व्हिडिओ सुरू होतो, शेवटी प्रिस्क्रिप्शन मिळतं. दुसरा प्रकार: गावातल्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे आपल्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन तिथल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यामार्फत वरच्या डॉक्टरशी जोडलं जाणं. मानसिक आजारासाठी आम्ही दुसरा प्रकार निवडतो, आणि त्यामागे ठोस कारण आहे.

२५ मार्च २०२० रोजी केंद्राने टेलिमेडिसिनचे मार्गदर्शक नियम काढले. त्यात औषधांच्या याद्या आहेत. काही औषधं पहिल्याच दूरस्थ सल्ल्यात लिहून देता येतात, पण तो सल्ला व्हिडिओवर झालेला असला पाहिजे. काही औषधं फक्त फॉलो-अपमध्ये लिहिता येतात. फॉलो-अप म्हणजे त्याच डॉक्टरला, त्याच आजारासाठी, गेल्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष भेटलेलं असणं. आणि शेड्यूल एक्स या कडक यादीतली व एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात येणारी औषधं दूरस्थ सल्ल्यात लिहायला मनाई आहे. झोपेसाठी सर्रास मागितली जाणारी अल्प्राझोलामसारखी गोळी याच कायद्यात येते. म्हणून ‘डॉक्टरांनी बोलून घेतलं, पण माझी झोपेची गोळी लिहिलीच नाही’ ही नाराजी गैरसमजातून येते. डॉक्टरने नियम पाळलेला असतो, आणि तो नियम रुग्णाच्या भल्याचा आहे. या गोळीची सवय लागते आणि ती एकदम तोडली तर त्रास होतो.

आता हे नेटवर्कशी जोडून पाहा. पहिल्या वेळी व्हिडिओ हवा, आणि गावात व्हिडिओ चालत नाही. म्हणून पहिला सल्ला उपकेंद्रात घ्यावा. तिथे वजन, रक्तदाब, साखर मोजता येते, जुने कागद अधिकारी स्वतः कॅमेऱ्यासमोर धरतात, आणि डॉक्टरला रुग्णाचा चेहरा दिसतो. नैराश्याच्या अनेक रुग्णांत हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ तपासून घ्यावं लागतं, कारण या तिन्हींच्या कमतरतेत थकवा आणि उदासी येते. घरी बसून केलेल्या कॉलमध्ये ही तपासणी सुटते. आशाताईंना आधी विचारून घ्या: अधिकारी कोणत्या दिवशी केंद्रात असतात, आणि तज्ज्ञांची वेळ कोणती. सकाळी लवकर गेलं तर रांग लहान असते, असा साधारण अनुभव आहे.

प्रिस्क्रिप्शन मिळाल्यावरची अडचण वेगळीच असते. मेडिकलवाल्याला फोनवरचा फोटो दाखवला की तो कधी नाही म्हणतो. पीडीएफ लगेच उतरवून ठेवा. लिंक नंतर सापडत नाही. झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढा. त्यावर चार गोष्टी दिसल्या पाहिजेत: डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक, तारीख, रुग्णाचं नाव व वय, आणि औषधाचं जेनेरिक नाव. यातलं काही नसेल तर दुकानदाराने नकार दिला त्यात त्याची चूक नाही. शेड्यूल एच-१ या कडक यादीतल्या औषधांच्या विक्रीची नोंद त्याला तीन वर्षं ठेवावी लागते. सरकारी औषध हवं असेल तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

आणि काही उपचार फोनवर कधीच नीट होत नाहीत. लिथियम (उन्माद-नैराश्याच्या, म्हणजे बायपोलर आजारावरची गोळी) घेणाऱ्याची रक्तातली पातळी तपासावी लागते: डोस बदलल्यावर पाच-सात दिवसांनी, आणि शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी. म्हणजे रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला, सकाळची गोळी घेण्याआधी, रक्त द्यायचं. सकाळची गोळी घेऊन लॅबमध्ये गेलं की आकडा खोटा वर येतो आणि डोस विनाकारण कमी होतो. लिथियम चालू असताना गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन आणून खाऊ नका. लिथियमची पातळी धोकादायक वाढू शकते. उन्हाळ्यात जुलाब-उलट्या झाल्या तरी तेच होतं. क्लोझापिन (स्किझोफ्रेनियावरचं औषध) घेणाऱ्याच्या पांढऱ्या पेशी सुरुवातीला दर आठवड्याला मोजाव्या लागतात. अशा रुग्णांचं मूळ घर ओपीडीच आहे: साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, सांगलीत पद्मभूषण वसंतदादा पाटील रुग्णालय, मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, कराडचं कृष्णा रुग्णालय. ऑनलाइन भेटी मधल्या अंतरासाठी चांगल्या, ओपीडीच्या बदली नकोत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात कधी येतं हे जिल्हा रुग्णालयात विचारून कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आता ‘तुम्हाला नैराश्य आहे का, तपासा’ अशा प्रश्नावल्या. चांगल्या ॲप्समध्ये बहुतेकदा पीएचक्यू-९ असते. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारलेलं असतं, आजच्या दिवसाबद्दल नाही. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून मध्यम-तीव्र, २० पासून तीव्र असं ढोबळ मानलं जातं. १० किंवा जास्त आलं तर डॉक्टरकडे जा. पण आमच्या दृष्टीने बेरजेपेक्षा नववा प्रश्न महत्त्वाचा आहे. तो मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. बेरीज ६ असली आणि नवव्याला ० नसलं, तर वाट पाहायची नाही. जे ॲप हे उत्तर मिळूनही फक्त बेरीज दाखवून थांबतं ते काढून टाका. प्रश्नावली निदान करत नाही, हेही खरं. घरात नुकताच मृत्यू झाला असेल, रात्रपाळी असेल, थायरॉइड बिघडलं असेल, तरी गुण वर जातात. उलट बायपोलर आजारातलं नैराश्यही इथे साधं नैराश्य म्हणूनच दिसतं. त्याला नुसती नैराश्याची गोळी दिली तर काही रुग्णांत उन्माद उसळतो. म्हणून डॉक्टरला आवर्जून सांगा: पूर्वी कधी आठवडाभर तीन-चार तास झोपूनही अंगात जोम होता का, पैसे उधळले का, बोलणं थांबत नव्हतं का.

चॅटबॉटचं काय? बेंगळुरूत तयार झालेलं वायसा हे त्यातलं जुनं नाव. २०१५ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीचं, पेंग्विनच्या चित्राचं. संज्ञानात्मक वर्तन उपचारातले विचार तपासण्याचे सराव ते करून घेतं. सौम्य चिंता असलेल्या, इंग्रजी सहज वाचणाऱ्या कॉलेजच्या मुलामुलींना अशा सरावांचा उपयोग होऊ शकतो. तीव्र नैराश्य, भास, संशय, उन्माद यांत चॅटबॉट नको. लिहिणाऱ्याचा चेहरा, आवाज, झोप, वजन त्याला दिसत नाही. आणि साधारण गप्पा मारणारे एआय तर समोरच्याला पटेल असंच बोलत राहतात. ‘शेजारी माझ्यावर नजर ठेवतात’ असं ठामपणे लिहिणाऱ्याला हळूच थांबवणं त्यांच्याकडून भरवशाने होत नाही. रात्री बोलायला कुणी नसतं, म्हणून मुलं तिकडे वळतात, हे समजण्यासारखं आहे. पण त्या वेळीही १४४१६ चालू असतं.

खाजगी ऑनलाइन समुपदेशनाबद्दल थोडक्यात. पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारा: समुपदेशकाची पात्रता काय, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक किंवा मनोविकारतज्ज्ञ असेल तर वैद्यकीय परिषदेचा क्रमांक, मराठीत बोलणार का, आणि तोच माणूस पुढेही मिळणार का. पहिलीच बैठक पाच हजारांच्या पॅकेजमध्ये बांधायची घाई करणाऱ्याकडे जाऊ नका. एक बैठक घ्या, मग ठरवा. मोफत चाचणीनंतर आपोआप पैसे कापले जाऊ लागले तर ॲप काढून टाकल्याने ते थांबत नाहीत. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट या भागात जाऊन ते रद्द करावं लागतं.

गुप्ततेचा विषय आम्ही जास्त लांबवतो, कारण आपल्या गावांत आजारापेक्षा ‘कळलं तर?’ ही भीती मोठी असते. तोच धाक लोकांना भगताकडे नेतो आणि डॉक्टरकडे जायला वर्ष लावतो. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम २३ नुसार उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क रुग्णाला आहे. परदेशातलं एक उदाहरण मात्र लक्षात ठेवा: अमेरिकेत बेटरहेल्प या ऑनलाइन समुपदेशन कंपनीने ग्राहकांची माहिती फेसबुकसारख्या कंपन्यांना जाहिरातीसाठी दिल्याबद्दल २०२३ मध्ये ७८ लाख डॉलर भरण्याची तडजोड केली. म्हणजे ‘गोपनीय’ असा शब्द पानावर असणं पुरेसं नाही. ॲप बसवताना संपर्क यादी, लोकेशन आणि फोटो यांची परवानगी नाकारा. मनाच्या ॲपला तुमच्या काकांचा नंबर कशाला हवा?

आणि खरी गळती बहुतेकदा घरातूनच होते. स्मार्टफोन एक, तो मुलाच्या हातात, ओटीपी त्याच्याच नंबरवर. सासूबाईंच्या नावाने ई-संजीवनीवर नोंद झाली की सुनेचं प्रिस्क्रिप्शन त्या यादीत दिसतं. उपाय साधे आहेत. फोनच्या सेटिंगमध्ये लॉक स्क्रीनवर संदेशाचा मजकूर दिसू नये असं करा. कॉल झाल्यावर हवं तर त्या नंबरची नोंद पुसा. तारेचे इयरफोन वापरा, फोन ब्लूटूथ स्पीकरला जोडलेला राहिला तर आवाज माजघरात जातो. कॉल रेकॉर्डिंग आपोआप चालू असेल तर ते बंद करा. बोलायला शेताचा बांध, गच्ची, उपकेंद्राची खोली यातली जी जागा निवांत असेल ती आधीच ठरवून ठेवा. आशाताई त्याच गावच्या असतात, त्यामुळे त्यांच्याशी बोलताना ‘हे घरी कुणाला सांगू नका’ असं स्पष्ट सांगायला संकोच करू नका.

या सगळ्यात सर्वांत जास्त उपयोगी पडणारं साधन प्रत्येक फोनमध्ये आधीच आहे: अलार्म. नैराश्याच्या गोळीचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, कधी सहा आठवडे लागतात, पण मळमळ आणि अस्वस्थता पहिल्या आठवड्यातच येते. म्हणून बरेच रुग्ण सुरुवातीच्या आठवड्यांतच गोळी सोडतात. दुसरी गळती काही महिन्यांनी, ‘आता बरं वाटतंय’ म्हणून. पहिल्याच आजारातही बरं वाटल्यावर पुढे सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवायला सांगतात. पॅरॉक्सेटीन किंवा वेनलाफॅक्सीन एकदम तोडली तर दोन-तीन दिवसांत चक्कर, डोक्यात झटके बसल्यासारखं होतं आणि रुग्णाला वाटतं आजार वाढला. अलार्मला औषधाचं नाव देऊ नका, ‘पाणी’ किंवा ‘चहा’ असं नाव द्या. गोळी घेतल्यावरच अलार्म बंद करायचा, आधी नाही. नोंदवही म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरपेक्षा खिशातली छोटी डायरी बरी, कारण ती पाहुण्यांना दिसत नाही. रोज एक ओळ: झोप किती तास, मन ० ते १० मध्ये कुठे, गोळी घेतली का. ओपीडीत डॉक्टरकडे पाच मिनिटं असतात. ही पानं समोर ठेवली तर त्या पाच मिनिटांचं सोनं होतं. बायपोलरच्या रुग्णात सलग दोन-तीन रात्री झोप कमी आणि तरी थकवा नाही, असं दिसलं की त्याच दिवशी डॉक्टरला कळवा. उन्माद येण्याआधीची ही खूण अनेकदा घरच्यांना पुढच्या चार दिवसांच्या गोंधळापासून वाचवते.

जीव देण्याचा विचार कुणी बोलून दाखवला तर मात्र कोणतंही ॲप उघडत बसू नका. त्याला एकटं सोडू नका. लगेच १०८ किंवा ११२ ला फोन करा, जवळच्या रुग्णालयात न्या. दुसऱ्या कुणी त्याच वेळी १४४१६ वर सल्ला विचारावा. तासगाव-मिरजेच्या द्राक्षपट्ट्यात, ऊसपट्ट्यात, प्रत्येक घरात फवारणीचं औषध असतं. ते कुलूपबंद पेटीत, शेतावरच्या खोलीत ठेवा आणि किल्ली घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्या. विचार बहुतेकदा काही मिनिटांत उसळतो आणि हाताशी साधन नसलं तर ओसरतो. गोळ्यांचा महिन्याचा साठाही रुग्णाजवळ ठेवू नका. मेडिकलवाल्याकडून आठवड्याच्या घ्या आणि नातेवाइकाकडे ठेवा. विष घेतलंच असेल तर उलटी करवू नका, बाटली किंवा डबा सोबत न्या, डॉक्टरला त्याचं नाव वाचून उपचार ठरवायचा असतो. ‘पोलीस केस होईल’ या भीतीने उशीर करणारी घरं अजून आहेत. मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम ११५ सांगतं की प्रयत्न करणाऱ्या माणसावर तीव्र ताण होता असं गृहीत धरायचं, त्याच्यावर खटला चालवायचा नाही. रुग्णालयात नोंद होईल, ती नेहमीची प्रक्रिया आहे. ती थांबवण्यासाठी खाजगी दवाखाने धुंडाळण्यात जो अर्धा तास जातो, तोच जीव घेतो.